डेलियाचं बेणं

झेंडू आणि डेलिया यांचं माहेर एकच, मेक्सिको. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं कूळही एकच, सूर्यफुलाचं. तरी झेंडूशिवाय आमच्या रिठदमध्ये दसरा होत नाही आणि डेलिया मात्र अजून ‘बंगल्यातलं फूल’च आहे. असं का झालं, याचं उत्तर मला दोघांच्या लागवडीत सापडतं.

झेंडू बियांवर चालतो. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं परसात चुरगाळून टाकली, तरी पुढच्या पावसाळ्यात रोपं वर येतात. बी पुडीत मावतं, परगावी जातं. डेलियाचंही बी रुजतं, पण ते आईबापांवर जाईल याचा नेम नाही. लाल फुलाच्या बियांतून पिवळं निघेल, नाहीतर एकेरी पाकळ्यांचं. तेच फूल पुन्हा हवं असेल, तर त्याच झाडाचा कंद जपावा लागतो, नाहीतर त्याची कलमं करावी लागतात.

१५७०च्या दशकात स्पेनच्या राजाचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांडेझ मेक्सिकोतल्या वनस्पतींची नोंद करत होता. त्याच्या टिपणांत हे झाड तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या नावानं आलं आहे. १७८९मध्ये ते मेक्सिको शहरातून माद्रिदच्या राजोद्यानात पोचलं आणि १७९१मध्ये काव्हानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला आंद्रेस डाल या स्वीडिश अभ्यासकाचं नाव दिलं. डाल १७८९मध्येच वारला होता. पुढे युरोपात बटाट्यासारखे हे कंद खाता येतील का, हेही पाहून झालं. चव काही कुणाला फारशी रुचली नाही. मग बागवाल्यांनी बी पेरपेरून हजारो नवे रंग आणि आकार काढले, त्यांना नावं दिली. पण यातली प्रत्येक जात कुणीतरी सांभाळली तेवढाच काळ टिकली. जिचं बेणं कुणी ठेवलं नाही, ती जुन्या याद्यांत नावापुरती उरली.

आमच्याकडच्या काळ्या मातीत हा सांभाळ सोपा नाही. ही माती पाणी धरून ठेवते आणि डेलियाचा कंद साचलेल्या पाण्यात सडतो. म्हणून मी वाफा उंच करतो, त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळतो. पाऊस ओसरला की लागवड, थंडीत फुलं. पानं पिवळी पडली की खोड वीतभर ठेवून छाटायचं, गड्डा अलगद खणून सावलीत सुकवायचा आणि कोरड्या वाळूत, मडक्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायचा. वाशीमचा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा त्याला तिथेच काढायचा असतो. महिन्यातून एकदा हात घालून पाहायचं. मऊ पडलेला कंद लगेच बाजूला. वाटे करताना आणखी एक गोष्ट. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाचा डोळा मात्र फक्त मानेशी, खोडाच्या बुडाशी असतो. मान तुटलेला कंद कितीही गुबगुबीत असला, तरी त्याला कोंब फुटत नाही.

हे सगळं इथल्या माणसाला नवं वाटू नये. वाशीम-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद होते आणि हळदीला फूल आलं, तरी सहसा बी धरत नाही. म्हणजे आज शेतात असलेली हळद शतकानुशतकं एका हंगामातून दुसऱ्या हंगामात माणसाच्या हातानंच आलेली आहे. दर वर्षी कुणीतरी बेणं निवडलं, सावलीत रचलं, झाकलं. त्यांची नावं कुठल्याच ग्रंथात नाहीत. हळदीला लग्नात, देवघरात आणि चुलीपाशी जागा होती, म्हणून तिचं बेणं राखणारे हात कमी पडले नाहीत. डेलियाला ना सण मिळाला, ना ताट. मेक्सिकोनं १९६३मध्ये त्याला राष्ट्रीय फूल केलं. आपल्याकडे ते अजून हौसेवरच जगतं.

म्हणून गड्ड्याचे वाटे करतो तेव्हा डोळा पाहून दोन वाटे शेजारी देतो. एका घरी सडलं, तर दुसऱ्या घरी राहतं.