किनाऱ्याचा बांध आणि सर्वांची तिजोरी

धामणगाव बढे हे आमचे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात असून समुद्र येथून शंभर कोसांहूनही दूर आहे. तेव्हा महोत्सवाच्या या स्मरणिकेत समुद्रकाठच्या बांधबंदिस्तीचा आणि तिच्यावर होणाऱ्या सरकारी खर्चाचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारल्यास ते गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर असे की, आमच्या तालुक्यावर पडणारे पाणी नळगंगेने पूर्णेत, पूर्णेने तापीत आणि तापीने सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते; तद्वत आमचा करही ज्या तिजोरीत जातो, त्याच तिजोरीतून किनाऱ्याचे बांध बांधले जातात. शिवाय वसई, उत्तन, कोर्लई येथपासून थेट मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आमचे मराठी ख्रिस्ती बांधव कोळी, आगरी, भंडारी आदी शेजाऱ्यांसमवेत त्याच किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्यांचे घर वाहून गेले तर आम्हांस काय, असे म्हणण्याची सोय आम्हांस राहिलेली नाही.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. ज्यास पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणत आणि १९८१ पासून रायगड म्हणतात, त्या प्रदेशात खाडीकाठच्या खाजणांना बांध घालून भाताची शेते करण्याची चाल फार पुरातन आहे. अशा जमिनीस शिलोत्री म्हणत. भरतीचे पाणी अडविणारा बाहेरचा मोठा बांध दुरुस्त राखणे हे शिलोत्रीदाराचे काम असे. त्याबद्दल शेत कसणारे कूळ सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरलेले धान्य त्यास देई. यातील मर्म असे की, जो धान्य घेई तो बांधास जबाबदार असे, आणि ज्याचे शेत बांधाच्या आड असे तो खर्चास भागीदार असे. हॉलंड देशातही समुद्रसपाटीखालच्या जमिनींचे रक्षण करण्यासाठी तेराव्या शतकापासून जलमंडळे स्थापन झाली व जमीनधारकांकडून बांधपट्टी घेण्याची रीत पडली. दोन देश परस्परांपासून इतके दूर, तथापि खाऱ्या पाण्याने दोघांस एकच धडा दिला: बांध एकट्याचा नसतो.

परंतु जबाबदारी कागदावर राहून हातातून सुटली म्हणजे काय होते, हेही याच प्रदेशाने पाहिले. बांधास एके ठिकाणी भगदाड पडले तर भरतीचे पाणी एका शेतात थांबत नाही. ते सारी खार व्यापते, आणि मातीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन जाण्यास कित्येक हंगाम लागतात. खोत व जमीनदार यांनी दुर्लक्ष केले की उपासमार कुळाची होई. म्हणून १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा करून मंडळ स्थापिले; खर्चाचा काही भाग सरकारने व काही भाग शेतकऱ्यांनी सोसावा असे ठरले. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, खोती नष्ट करणारा कायदा झाला. अन्याय गेला हे उत्तमच झाले. मात्र जुना मालक गेला त्या दिवशी बांधाचा नवा राखणदार उभा असावा लागतो, हे पुष्कळ ठिकाणी ध्यानात राहिले नाही. अखेर महाराष्ट्र शासनाने १९७९ साली खारभूमी विकासाचा नवा कायदा करून हे कार्य मुख्यतः आपल्या शिरावर घेतले.

शेतापाठोपाठ गावांचा प्रश्न येतो. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा गणला जात आला आहे. रत्नागिरीजवळील मिऱ्या, पालघरकडील सातपाटी इत्यादी गावी लाटांनी काठ खाल्ला म्हणून दगडी धूपप्रतिबंधक बंधारे घातले गेले. मिऱ्याचा बंधारा किती वेळा खचला आणि किती वेळा पुन्हा भरला, हे तेथील वृद्धांस तोंडपाठ आहे. याचे कारण केवळ निकृष्ट काम हे नव्हे. लाट उभ्या दगडावर आपटली म्हणजे मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पाया उघडा पडतो व दगड ढासळतात. शिवाय एका गावापुढे वाळू अडली की शेजारच्या गावास ती मिळत नाही आणि धूप तिकडे सरकते. म्हणून जाणते लोक सांगतात की दगडाबरोबरच वाळूच्या टेकड्या, तिवरांची राई आणि पुळणीवरील झुडपे ही देखील बांधच समजावीत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने आणि महाराष्ट्रात २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने हा विचार सरकारी व्यवहारात आणला. तिवरांची मुळे लाटेचा जोर मोडतात, आणि त्यांस सिमेंट लागत नाही.

आता खर्च संकटापूर्वी करावा की संकटानंतर, या प्रश्नाकडे वळू. याचे सर्वांत स्पष्ट उत्तर ओडिशाने दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राज्याने समुद्रकाठी निवारे बांधले, धोक्याची सूचना गावोगाव पोहोचविण्याची साखळी उभारली, आणि माणसे वेळेवर हलविण्याचा सराव केला; २०११ पासून केंद्र सरकार व जागतिक बँक यांच्या चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचीही त्यास जोड मिळाली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन नावाचे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा जवळजवळ १० लाख लोक आधीच सुरक्षित स्थळी नेलेले होते, आणि बळींची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. समुद्र तोच, वाराही दुर्बळ नव्हता. फरक पडला तो मधल्या १४ वर्षांत शांतपणे केलेल्या खर्चाने.

आमच्या राज्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. जीवहानी थोडी झाली; परंतु मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, आणि खांब पडल्यामुळे कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. सरकारने तातडीची मदत म्हणून रायगडास १०० कोटी, रत्नागिरीस ७५ कोटी व सिंधुदुर्गास २५ कोटी रुपये दिले. बागायतीची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये करण्यात आली. आकडा ऐकण्यास मोठा वाटतो. परंतु कोकणातील वाडी हेक्टराने नव्हे, गुंठ्याने मोजतात. गुंठ्यास पडतात सुमारे ५०० रुपये, आणि नारळ पुन्हा लावून फळास येण्यास पाच-सात वर्षे जातात. ही अडचण उमगल्यावर पुढे झाडागणिक मदत देण्याचा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, आणि राज्यास पुनश्च २५२ कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. ही मदत आवश्यक होती यात संशय नाही. परंतु पडलेले खांब पुन्हा उभे करण्याचा खर्च दरवेळी होतो. विजेच्या तारा एकदा जमिनीखालून नेल्या तर तो पुष्कळसा टळतो. अलिबाग येथे असे काम वर सांगितलेल्या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात हाती घेण्यात आले, हे योग्यच झाले.

पुनर्वसनाची कथा याहून नाजूक आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारच्या सकाळी, त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या. नागपट्टिनम जिल्ह्यात हानी सर्वांत भयंकर झाली. आमच्यापैकी अनेकांस यात्रेमुळे ठाऊक असलेले वेलांकणी त्याच जिल्ह्यात आहे, आणि तेथील पुळणीवर कित्येक यात्रेकरू प्राणास मुकले. भारतात एकंदर १० हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर तामिळनाडू सरकारने असे धोरण ठरविले की, भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आत राहणाऱ्यांनी दूर जाण्याचे मान्य केल्यास त्यांस पक्के घर विनामूल्य मिळेल. जे जागा सोडणार नाहीत त्यांनी आपले घर आपण पाहावे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे समंजस दिसते. परंतु मच्छीमाराची होडी, जाळे व मासळी वाळविण्याची जागा ही पाण्याकाठीच असते. समुद्र दिसत नाही अशा घरात त्यास नेऊन बसविले, तर जीव वाचतो आणि धंदा बुडतो. उलट काठावरची मोकळी झालेली जागा उद्या कोणा धनिकाच्या विश्रामगृहास जाईल, ही भीतीही त्या लोकांस होती. यावरून आम्ही असे समजतो की, ज्याचे घर बांधावयाचे त्यास विचारल्यावाचून बांधलेले घर हे अर्धेच पुनर्वसन होय.

देशाच्या हिशेबातही हा विचार हळूहळू उतरत आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने केवळ मदतीपलीकडे पूर्वतयारीस स्थान दिले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीपैकी ८० टक्के मदतकार्यास आणि २० टक्के धोका कमी करण्यास राखून ठेवले; धूप रोखण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर १५०० कोटी व धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १००० कोटी रुपये सुचविले. साऱ्या देशाचे नदीकाठ व समुद्रकाठ मिळून ही रक्कम आहे, हे लक्षात घेता ती विपुल म्हणवत नाही. तथापि पाऊल योग्य दिशेस पडले.

असो. आता शेवटचा आणि आम्हां वऱ्हाडकरांस सर्वांत जवळचा मुद्दा. १९७२ सालच्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो कुटुंबे खडी फोडण्यास, तलाव खोदण्यास व बांध घालण्यास गेली. मे १९७३ मध्ये अशा सरकारी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यातूनच श्री. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना दृढ झाली आणि १९७७ च्या कायद्याने ती मजुराचा हक्क ठरली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि त्याचा फार मोठा वाटा मुंबई शहरातील नोकरदार व व्यापारी यांच्याकडून येत गेला. ही मुंबई म्हणजे तरी काय? भराव आणि बांध घालून जोडलेली सात बेटे! अर्थात किनाऱ्यावरच्या माणसाने आपल्या पगारातून कापून दिलेल्या पैशावर कोरड्या मुलखातील चूल पेटली. त्याने त्या वेळी असे विचारले नाही की, दूरच्या दुष्काळाशी माझा संबंध काय.

म्हणून किनाऱ्यावर होणाऱ्या खर्चाकडे आम्ही उपकार म्हणून पाहू नये. ती जुन्या देण्याघेण्याची फेड आहे. मात्र फेड करणाऱ्यास हिशेब मागण्याचा अधिकार असतो, आणि तो आम्ही अवश्य बजावावा. मागावयाचा हिशेब असा: किती कोटी जाहीर झाले हे नव्हे, तर बांधाची डागडुजी दरवर्षी कोण करतो, निवाऱ्याची किल्ली कोणाकडे असते, आणि घर बांधताना घरधन्यास विचारले होते काय? शिलोत्रीच्या काळी बांध फुटला म्हणजे कोणास जाब विचारावा हे अडाणी कुळासही ठाऊक असे. आजचे बांध सर्वांच्या पैशाने उभे राहतात. तेव्हा विचारणारेही सर्वच असले पाहिजेत, आणि त्यांत धामणगाव बढ्याचा आवाजही असावा, इतकीच आमची विनंती आहे.