प्रतापगडची भवानी

प्रतापगडची भवानी : महाबळेश्वरजवळच्या प्रतापगडावरील (जि. सातारा) देवी. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये तिची स्थापना केली. भोसल्यांची कुलदेवता तुळजापूरची भवानी. पण तुळजापूर आदिलशाही मुलखात, तिथे दर्शनाला जाणे महाराजांना सोपे नव्हते; म्हणून गडावरच ही स्थापना. स्थापनेच्या दोन वर्षे आधी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, याच गडाच्या पायथ्याशी महाराजांवर चालून आलेला आदिलशाही सरदार अफझलखान भेटीच्या वेळी मारला गेला होता.

या प्रसंगातील देवीच्या साह्याची कथा जुनी आहे. महाराजांच्या हयातीतच रचलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त भवानी दर्शन देऊन अभय देते. राजारामांच्या काळात जिंजीला कृष्णाजी अनंत सभासदांनी लिहिलेल्या बखरीतही ती महाराजांना दर्शन देते आणि तुझ्या हातून खान मारवीन, असा शब्द देते. खानाने वाटेत तुळजापूरच्या देवीला उपद्रव दिल्याचेही बखर सांगते. त्यामुळे त्या काळच्या माणसांना ही लढाई आपल्या दैवताचीही वाटली, यात नवल नाही.

खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट यापुढची आहे. देवीचा शब्द मिळाल्यावर महाराज निर्धास्त बसले नाहीत. खानाच्या भेटीत आपलेच काही बरेवाईट झाले तर राज्य कोणी, कसे सांभाळावे, याची निरवानिरव त्यांनी आधीच करून ठेवली. पंताजी गोपीनाथ वकील म्हणून खानाच्या गोटात गेले. गडाभोवतीच्या जावळीच्या रानात फौज दबा धरून राहिली, तोफेच्या इशारतीची वाट पाहत. अंगरख्याखाली चिलखत होते, हाती बिचवा आणि वाघनखे. सोबत जिवा महाला होता; महाराजांवर धावून आलेल्या खानाच्या सय्यद बंडाला त्यानेच रोखले. खानाचा पहिला वार चिलखतावर निभावला. इतकी सारी तयारी करणाऱ्याच्या मनात शंका होती असे म्हणणे मला पटत नाही. ज्याला मरणाची भीती गिळत नाही, तोच आपल्या मरणानंतरची व्यवस्था इतक्या शांतपणे लावू शकतो, आणि ते बळ महाराजांना भवानीवरच्या निष्ठेने दिले.

भवानीने प्रत्यक्ष तलवार हाती दिली, ही कथा लोकांत फार प्रिय आहे; चित्रांनी आणि पोवाड्यांनी ती घरोघरी नेली. सभासदांच्या बखरीत मात्र देवी यशाचा शब्द देते, शस्त्र नव्हे. महाराजांचा विजय केवळ दैवी चमत्कार मानणाऱ्यांनी आणि त्यातली भक्ती वगळून नुसते डावपेच सांगणाऱ्यांनीही बखरीतला हा प्रसंग एकदा सलग वाचावा.