झोडणी उरकल्यावर

मुरबाड-शहापूरच्या आमच्या गावांत मैदान कुणी बांधलेलं नसायचं. ते दरवर्षी भाताखालून निघायचं. आजा सांगायचा, कापणी होऊन भारे खळ्यावर आले, झोडणी उरकली की ज्या खाचरांत वाल-हरभऱ्यापुरती ओल उरत नाही ती मोकळी पडत. त्यातलं एक पोरं हेरत. आधी मालकाला विचारायचं, आणि मालक कधी नाही म्हणत नसे. मग धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडून चोपणीनं जमीन चोपायची आणि चुलीतल्या राखेनं रेघा मारायच्या. चार-पाच दिवसांच्या घामातून मैदान उभं राही. बांधावर बघणारे बसत, त्यांतलाच एखादा जाणता म्हातारा पंच होई. प्यायला विहिरीचं पाणी, सावलीला आंबा किंवा मोह, आणि रात्रीच्या सामन्याला कुणाच्या तरी घरची गॅसबत्ती.

खेळ दोन, हुतूतू आणि विटीदांडू. विटी खैराची, कारण ती लवकर फुटत नाही. कोललेली विटी वरच्यावर झेलायला पोरं पार दुसऱ्या खाचरापर्यंत पांगलेली असत. "दम घुमवायला शिकला तो डोंगर चढायला भीत नाही," असं आजा म्हणे. आजी मात्र सांगे, की मुलींच्या वाट्याला अंगणातली लंगडी आणि फुगडीच आली. मैदानावर त्यांना कुणी बोलावलंच नाही. हे ती दुःखानं सांगायची आणि ते दुःख खरं होतं.

खेळाला पंचांग होतं. 2 जानेवारीला खेळ बंद ठेवून माणसं सिद्धगडाकडे निघत. 1943 साली त्याच दिवशी तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पौषी पुनवेला म्हशाची जत्रा. बैलांचा बाजार बघून, घोंगडी घेऊन माणसं परतली की गावागावांच्या सामन्यांना खरा रंग चढे. शिमगा झाला, राबाची भाजणी सुरू झाली की मैदान पुन्हा शेत होई.

तोच हुतूतू कबड्डी होऊन नियमांत बसला. आजा पावलं मोजून आखायचा. आता पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर आणि महिलांचं 12 बाय 8. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाच्या खेळांत आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. ती बातमी ऐकून आजा अंगणात उभा राहून आम्हाला पकडी दाखवत होता.

आज शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात, मुरबाडजवळ शिवळ्याच्या महाविद्यालयात गावोगावची मुलंमुली शिकतात. मोठे सामने मॅटवर, बूट घालून होतात. मातीत घडलेल्या खेळाडूला तिथे पाय रोवण्याची रीत नव्यानं शिकावी लागते. ती तो शिकेल. पण आधी त्याला गावात रोज धावायला जागा हवी, आणि जागाच आटत चालली आहे. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन मुंबई-नागपूर हा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. रस्ता हवाच होता. पण रस्त्यांच्या आगेमागे खाचरांना तारेची कुंपणं पडतात, बंगल्यांचे प्लॉट आखले जातात. कुंपणातल्या जमिनीचा मालक शहरात राहतो. पोरांनी विचारायचं कुणाला?

आजाच्या काळचं मैदान मालकाच्या भल्या मनावर उभं होतं. आता ते सातबाऱ्यावर उभं राहायला हवं. शासनाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, पण आधी जागा लागते. म्हणून माझी गावकऱ्यांना विनंती आहे: येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहा, गावाच्या जमिनीतला एक सपाट तुकडा मैदानासाठी राखण्याचा ठराव मांडा, आणि त्यात मुलींसाठी 12 बाय 8 मीटर जागा पहिल्या दिवसापासून आखून ठेवा.