एका घरात तीन सरकारं

ग्वाल्हेरला लष्करातल्या आमच्या घरात १९५० पर्यंत एकच सरकार होतं. दादा, म्हणजे माझे वडील, दरबारच्या टपाल खात्यात. मोठे काका लाइट रेल्वेत. धाकटे काका शाळेत मास्तर. कोणी विचारलं की आजी तिघांबद्दल एकच सांगायची, "दरबारात आहेत." आणि १ एप्रिल १९५० नंतर त्याच तीन भावांची सरकारं वेगवेगळी झाली. घर तेच, स्वयंपाक एकत्रच.

विलीनीकरण म्हटलं की आपल्याला सरदार पटेल, राजेमहाराजे आणि सह्या आठवतात. मी पडलो बँकेतला माणूस. मला सह्यांपेक्षा हस्तांतराच्या याद्यांमध्ये जास्त रस.

५ जुलै १९४७ ला दिल्लीत संस्थानांसाठी एक वेगळं खातं उघडलं. मंत्री पटेल, सेक्रेटरी व्ही. पी. मेनन. हे खातं १९५५ मध्ये गृहखात्यात विरूनही गेलं. काम संपलं म्हणून खातं बंद झाल्याचं उदाहरण आपल्याकडे शोधावं लागतं! सामीलनाम्यात संस्थानांनी दिले तीनच विषय: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. पुढे २८ मे १९४८ ला नेहरूंच्या हस्ते मध्यभारताचं उद्घाटन झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. फायली कशा हलवत असतील ते त्या कारकुनांनाच ठाऊक.

पण खरी वाटणी राज्यघटनेनं केली. सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत तेव्हा ९७ विषय होते, राज्यांच्या यादीत ६६. संस्थानांचा पैशाचा व्यवहार केंद्राशी कसा जोडायचा, हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते व्ही. टी. कृष्णम्माचारी. बडोदेकरांना नाव ओळखीचं असेल, तिथे ते बरीच वर्षं दिवाण होते. संस्थानी कारभार आतून बघितलेला माणूस या कामाला मिळाला, हे आपलं नशीब.

मग काय कुठे गेलं? आयकर आणि जकात अर्थखात्याकडे. फौज संरक्षण खात्याकडे. आपल्या चौथ्या ग्वाल्हेर इन्फंट्रीची १४ कुमाऊँ झाली आणि इंदूरच्या पलटणीची १५ कुमाऊँ. मोठ्या काकांची दोन फुटी रुळांवरची रेल्वे रेल्वे मंत्रालयाकडे, आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला ती नव्या मध्य रेल्वेत आली. दादांचं टपाल दळणवळण खात्याकडे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'ग्वालियर' छापून चालणारी आपली तिकिटंही बंद झाली. शाळा, पोलीस, जमीन महसूल राज्याकडेच राहिले, म्हणून धाकटे काका आधी मध्यभारताचे आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर मध्यप्रदेशाचे नोकर. राजधानी भोपाळला गेली तेव्हा ग्वाल्हेरची समजूत महालेखाकार, राजस्व मंडळ अशा कचेऱ्या देऊन काढली. त्या अजून इथेच आहेत.

हे सगळं मला कळायला दादांची पेन्शन कारण झाली.

दादा १९३८ ला दरबारच्या टपालात लागले आणि १९७७ ला ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. पूर्ण पेन्शनला ३३ वर्षं लागत, त्यांची धरली २७. दरबारची बारा वर्षं गायब! एक कार्यालय म्हणे, ती नोकरी संस्थानची, राज्याकडून दाखला आणा. राज्यातलं दुसरं कार्यालय म्हणे, खातं केंद्राकडे गेलं, आमचा संबंध नाही. मध्यभारत तर उरलंच नव्हतं. दादा सुंदर अक्षरात अर्ज लिहीत आणि प्रत्येक वेळी 'मेहेरबानी व्हावी' असा शेवट करत.

मी तेव्हा बँकेत नवा होतो. आमच्याकडे एक शाखा दुसरीत मिळवली की ठेवी येतात, कर्जं येतात आणि शिपायाची शिल्लक रजासुद्धा येते. नुसत्या ठेवी घ्यायच्या आणि रजा नाकारायची, असं चालत नाही. मग सरकारात कसं चालतं? लायब्ररीत बसून राज्यघटना चाळली. कलम २९५ मध्ये सापडलं: संस्थानाची जी मालमत्ता केंद्राच्या यादीतल्या विषयाची ती केंद्राची, आणि त्या विषयाची देणीही केंद्राचीच. बाकीचं राज्याचं. अगदी ताळेबंदासारखं, दोन्ही बाजू.

कोणता विषय कोणत्या मंत्रालयाचा, हे १९६१ च्या कार्यविभाजन नियमांत लिहिलेलं असतं, तेही एका वकील स्नेह्यांकडे बघून घेतलं. दादांचा पुढचा अर्ज मी टाइप केला. त्यात मेहेरबानी नव्हती, कलम होतं. दादांना ते उद्धट वाटलं. दोन दिवस सही करेनात. शेवटी आईनं पेन हातात दिलं.

उत्तर यायला चौदा महिने लागले. बारा वर्षं धरली गेली, थकबाकीही आली. दादांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "ही सही कोणाची रे? आपल्या खात्याचीच ना?"

"अवर सचिवांची," मी म्हटलं. "दिल्लीचे आहेत."

"हो, पण टपालातलेच ना?"

सही वाचता येत नव्हती. मी हो म्हटलं.