दहा वर्षं आधी यायला हवं होतं

सर्फिंगसाठी बालीला जाऊन आलेल्या माणसाला विचारा, बाली कसं वाटलं? लाटांचं कौतुक दोन मिनिटांत संपतं आणि मग रडगाणं सुरू होतं. गर्दी फार, रहदारी असह्य, किनाऱ्यावर प्लास्टिक, कड्यांवर सिमेंट. दहा वर्षं आधी यायला हवं होतं. गंमत म्हणजे दहा वर्षं आधी आलेला माणूसही हेच म्हणतो आणि त्याच्याही आधी आलेला तेच. आपल्याकडे गोव्याबद्दल असं बोललं जातंच. पूर्वीचं हणजूण पाहिलेला माणूस भेटला की ऐकून घ्यावं लागतं. पण सर्फरांनी ही तक्रार जवळजवळ साहित्यप्रकाराच्या पातळीवर नेली आहे. मी सर्फर नाही. पण त्यांच्या आठवणी, मुलाखती, फिल्म्स वाचत-बघत गेलं की एक प्रश्न पडतो: ही तक्रार मागे मागे नेत गेलं, तर न बिघडलेलं बाली शेवटी कोणत्या सालात सापडतं?

बहुतेकांचं उत्तर एकच असतं, १९७१. त्या वर्षी आल्बर्ट फाल्झन हा ऑस्ट्रेलियन चित्रपटकार बालीला आला. बेटाच्या दक्षिण टोकाला बुकित नावाचं चुनखडीचं पठार आहे. त्याच्या नैर्ऋत्य कडेला, सुमारे सत्तर मीटर उंच कड्यावर उलुवातूचं देऊळ आहे. त्या कड्यांखाली फुटणाऱ्या लाटा फाल्झनला दिसल्या. रस्टी मिलर हा अमेरिकन सर्फर आणि स्टीव्हन कूनी हा शाळकरी वयाचा ऑस्ट्रेलियन मुलगा, हे दोघं कड्यातल्या गुहेतून पाण्यात उतरले. १९७२ साली प्रदर्शित झालेल्या 'मॉर्निंग ऑफ द अर्थ'मध्ये हा भाग काही मिनिटांचाच आहे. त्यात समुद्र आहे, कडा आहे, आणि लाटेवर एकच माणूस. पुढच्या पन्नास वर्षांत उलुवातूला आलेला जवळजवळ प्रत्येक सर्फर या दृश्याशी आपल्यापुढच्या दृश्याची तुलना करत आला आहे, त्याने ती फिल्म पाहिलेली असो वा नसो.

लाट तशी आहेच. दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर बिनअडथळा प्रवास करत येतात. वाटेत त्या एकसारख्या होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं. मग एकाएकी पोवळ्यांचा उथळ खडक लागतो आणि त्या उभ्या राहतात. एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे इथे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. आपले कोळी ज्याला मतलई वारा म्हणतात त्याची दिशाही तीच. पण आपला मतलई रात्री सुटून सकाळी संपतो, हा दिवसभर वाहतो. समोरून येणारा हा वारा लाटेचा माथा लगेच कोसळू देत नाही, तिला तोलून धरतो. म्हणून लाट एका टोकापासून डावीकडे क्रमाक्रमाने फुटत जाते आणि सर्फरला तिच्या कुशीतून धावता येतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा होतो, लाट विस्कटते आणि त्याच वाऱ्यानं समुद्रातला कचरा कुटाच्या किनाऱ्यावर येऊन पडतो. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या सहा किलोमीटरच्या पट्ट्यात कचऱ्याची आणीबाणी जाहीर करावी लागली होती. ज्या निसर्गाचं कौतुक, त्याचीच ही दुसरी बाजू. पाहुण्यांच्या आठवणींत मात्र बहुधा एकेकच बाजू येते, कोण कोणत्या महिन्यात आला त्यावर.

पण मला खटकलं ते वेगळंच. १९७१ च्या त्या दृश्यातला रिकामेपणा सगळ्यांनी निरागसपणा म्हणून वाचला. नकाशावर नसलेली, काळाच्या बाहेरची जागा, ही भाषा सर्फरांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. प्रत्यक्षात त्या चित्रीकरणाच्या आठ वर्षं आधी, १९६३ मध्ये, आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात हजारावर माणसं मेली होती आणि पूर्व बालीतली शेतं राखेखाली गेली होती. त्याहून भीषण घटना १९६५ च्या डिसेंबरपासून काही महिन्यांत घडली. सुहार्तोच्या सैन्याने सत्ता हातात घेताना इंडोनेशियाभर कम्युनिस्टांचं, आणि कम्युनिस्ट असल्याचा नुसता संशय असलेल्यांचं शिरकाण झालं. जेफ्री रॉबिन्सन या इतिहासकाराने 'द डार्क साइड ऑफ पॅरडाइज' या पुस्तकात बालीतल्या मृतांचा आकडा ८०,००० च्या घरात धरला आहे. म्हणजे बेटाच्या लोकसंख्येतला जवळजवळ विसावा माणूस. मारणारे आणि मरणारे बरेचदा एकाच गावचे होते.

फाल्झनचा कॅमेरा उलुवातूला पोहोचला तेव्हा या गोष्टीला सहा वर्षंही झाली नव्हती. पाहुण्या सर्फरांना खोल्या देणारे, जेवण रांधून वाढणारे, हसतमुख म्हणून ज्यांची वर्णनं आहेत ते लोक नुकतेच त्यातून बाहेर आले होते. त्यांनी पाहुण्यांना काही सांगितलं नाही यात नवल नाही. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार होईपर्यंत आपापसातही मोकळेपणाने बोलायची सोय नव्हती. विशी-बाविशीतल्या सर्फरांना हे माहीत असायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांनंतर त्याच शांततेला कुणी मूळचं, खरं बाली म्हणतो तेव्हा ती शांतता कशाची होती, हे सांगणं भाग आहे.

शिवाय पहिले सर्फर हे नव्हेतच. १९३६ मध्ये रॉबर्ट कोक आणि लुईज या अमेरिकन जोडप्याने कुटाच्या किनाऱ्यावर हॉटेल काढलं. रॉबर्ट हॉलिवूडमध्ये काम करायचा. एका चित्रीकरणासाठी हवाईला गेलेला असताना तो सर्फिंग शिकला होता. त्याने कुटाला लाकडी फळ्या आणल्या, पाहुण्यांना शिकवलं, गावच्या मुलांनाही. देनपसारमध्ये डच जहाज कंपनीचं १९२८ सालचं दिमाखदार बाली हॉटेल होतं; कोकच्या बांबू-गवताच्या झोपड्यांना डच मंडळी नाकं मुरडायची. १९४२ मध्ये जपानी आले, कोक दांपत्य निघून गेलं, हॉटेल नष्ट झालं. म्हणजे फाल्झनच्या पस्तीस वर्षं आधी बालीच्या मुलांनी लाटेवर उभं राहून पाहिलं होतं. आणि बालीच्या लोकांना समुद्राची भीती वाटते, त्यांची तोंडं डोंगराकडे असतात, हे प्रवासवर्णनांमधलं लाडकं विधान त्याच सुमाराला, कोवारुबियास या मेक्सिकन चित्रकाराच्या १९३७ च्या पुस्तकामुळे जगभर गेलं. डोंगराची दिशा पवित्र हे खरंच. पण न्येपीच्या आधी देवांच्या मूर्ती वाजतगाजत न्यायच्या त्या समुद्रावर, शुद्धीसाठी. आणि कुटाचे कोळी दोन बाजूंना बांबूचे आडवे लावलेल्या होड्या घेऊन त्याच फेसाळत्या पाण्यातून रोज ये-जा करायचे. १९७० च्या दशकात सर्फरांनी किनाऱ्यावर ठेवलेल्या फळ्या मुलांनी बघता बघता उचलल्या आणि दशक संपण्याआधी ती पाहुण्यांच्या बरोबरीने उलुवातूवर दिसू लागली.

आता सरकारचं काय मत होतं ते पाहू, कारण तिथे ही गोष्ट रंजक होते. १९६९ मध्ये बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी खुला झाला. १९७१ मध्ये, म्हणजे फिल्मच्याच वर्षी, एका फ्रेंच सल्लागार कंपनीने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पैशातून पर्यटनाचा आराखडा तयार केला. श्रीमंत पाहुणे नुसा दुआच्या ओसाड टोकावर कुंपणाआड ठेवायचे, बसमधून देवळं आणि नाच दाखवायचे, संध्याकाळी परत आणायचे. संस्कृतीला धक्का नको आणि पैसाही मिळावा. अनवाणी, सहा-सहा आठवडे राहणारा, दिवसाला नगण्य खर्च करणारा सर्फर या आराखड्यात कुठेच बसत नव्हता. पण नुसा दुआची हॉटेलं उभी राहायला १९८० चं दशक उजाडलं आणि तोवर कुटाच्या घराघरांत लोसमेन निघाले होते. लोसमेन म्हणजे आपल्याच अंगणात दोन-चार खोल्या काढून केलेली उतरायची सोय. सकाळी चहा आणि केळं खोलीच्या दाराशी. बुकितवर तर पाण्याचीच बोंब. तिथल्या पेचातू गावातली मुलं झुडपांतून कड्यापर्यंत फळ्या डोक्यावर वाहून न्यायची आणि बायका थंड पेयं, नारळ विकायला बसायच्या. ज्या पाहुण्याला सरकार कमी दर्जाचा मानत होतं, त्याचा पैसा मधल्या कुणाच्या हातात न जाता थेट या लोकांकडे जात होता. बिघडलेल्या कुटाबद्दल बोलताना सर्फर ही बाजू क्वचितच मांडतात. ज्या टपऱ्यांनी कडा विद्रूप केला असं ते म्हणतात, त्या टपऱ्या त्यांच्यासाठीच निघाल्या होत्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २००२ च्या स्फोटांत कुटामध्ये २०२ माणसं मेली, त्यात ८८ ऑस्ट्रेलियन. बेट ओस पडलं आणि काही सर्फरांनी लाटा पुन्हा रिकाम्या मिळाल्याचं लिहिलं, हे वाचताना मात्र अंगावर काटा येतो. २०१९ मध्ये ६२ लाखांवर परदेशी पाहुणे आले. बेटाची लोकसंख्या ४३ लाखांच्या आसपास. आता ऑस्ट्रेलियनांखालोखाल संख्या भारतीयांची. आपली मराठी सहल-मंडळी संध्याकाळी उलुवातूच्या देवळाशी चष्मे माकडांपासून सांभाळत केचक नृत्याला बसतात. रामायण ओळखीचं, त्यामुळे हे प्राचीन असणार असं वाटतं. त्याचं आजचं रूप १९३० च्या दशकात, वाल्टर स्पीस या जर्मन चित्रकाराच्या सहभागाने, पाहुण्यांसाठी घडलं. खाली पाण्यात ठिपक्यांएवढे सर्फर रांगेत बसलेले असतात. फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची, हा नियम. आणि तो मोडला म्हणून रोज भांडणं. त्या रांगेत आज बालीचीही पुष्कळ मुलं असतात, आणि नियम मोडणाऱ्यांना ती पाण्यातून बाहेरही काढतात.

जुलै २०२५ मध्ये प्रशासनाने बुकितवरच्याच बिंगिन या किनाऱ्यावरची चाळीसहून अधिक बांधकामं सरकारी जमिनीवरची बेकायदा म्हणून पाडायला घेतली. सर्फरांच्या खोल्या, खाणावळी, टपऱ्या. परदेशी सर्फरांत लगेच दोन तट पडले. कडा मोकळा होतोय, छान, असं एकाचं म्हणणं; आमचं बिंगिन वाचवा, असं दुसऱ्याचं. पठारावर थोडं आत गेलं की मोठमोठे व्हिला नव्याने उठताना दिसतात आणि त्यांच्या जाहिरातींत रिकाम्या लाटेवरचा एकटा सर्फर असतो. बिंगिनच्या पायऱ्यांवर गेली काही दशकं खाणावळ चालवणाऱ्या कुटुंबांना कुणी विचारलं असतं, तर दहा वर्षं आधीच्या कोणत्या गोष्टीबद्दल ती बोलली असती, याचा अंदाज मला १९७१ च्या फिल्मवरून बांधता येत नाही. चौकटीत ती कुटुंबं नाहीत.