हवामान-फेरफार प्रतिबंधक कायदे (अमेरिका)

ढगांत रसायने सोडून पाऊस पाडणे किंवा वातावरणात कण पसरून सूर्यप्रकाश अडवणे यांना मनाई करणारे अमेरिकेतील राज्यांचे कायदे. टेनेसीने २०२४ मध्ये, फ्लोरिडा व लुइझियाना यांनी २०२५ मध्ये अशी बंदी घातली.

१९४६ साली व्हिन्सेंट शेफर यांनी मॅसॅच्युसेट्सच्या आकाशात विमानातून कोरड्या बर्फाचा चुरा टाकला आणि ढगातून हिमकण गळू लागले. पाठोपाठ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड वापरले. त्याच्या स्फटिकांची ठेवण बर्फाशी जुळते, म्हणून शून्याखालीही पाणीच राहिलेले थेंब त्यांच्यावर गोठतात. महाराष्ट्रात २००३ व २०१५ साली झालेले ‘कृत्रिम पावसाचे’ प्रयोग याच वाटेचे. मात्र ढग मुळात हवा. कोरड्या आभाळातून पाऊस काढता येत नाही.

ढगावर हक्क कुणाचा, हा वादही जुनाच. टेक्सासमध्ये गारपीट रोखण्याच्या फवारणीने आमचा पाऊस हिरावला, अशी तक्रार घेऊन पशुपालक कोर्टात गेले. त्यांच्या जमिनीवरच्या ढगांना हात लावायला १९५८ मध्ये कोर्टाने मनाई केली. अनेक राज्यांनी मग परवाना सक्तीचा केला. १९७१ च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रयोगांची माहिती सरकारला देणे बंधनकारक ठरवले.

नव्या कायद्यांचा सूर वेगळा आहे. फ्लोरिडाने जुनी परवाना-पद्धतच मोडीत काढली. तिथे आता पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अशी साधने बसवलेले विमान उतरले, तर सार्वजनिक विमानतळाने राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचे. लुइझियानात नागरिकांच्या तक्रारी पर्यावरण खाते नोंदवते.

या कायद्यांमागे विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांविषयीचा संशयही आहे. त्या रेघा म्हणजे इंजिनाच्या धुरातील वाफ उंचावरच्या थंडीत गोठून झालेले हिमकण. त्यात कुणी विष फवारत नाही. सूर्यप्रकाश अडवण्याची भीती मात्र निराधार म्हणता येणार नाही. एकाने केलेल्या फेरफाराचे परिणाम सगळ्यांच्या पावसावर होऊ शकतात, आणि त्यावर लक्ष हवेच. पण ही भीती, तो संशय आणि ढगांवरची साधी फवारणी यांना एकाच कलमात कोंबल्याने संशोधनाची वाटही बंद होते.

युटा व आयडाहो यांनी उलट मार्ग धरला आहे. तिथे हिवाळ्यात डोंगरउतारांवरच्या भट्ट्यांतून सिल्व्हर आयोडाइडचा धूर ढगांत सोडतात, म्हणजे बर्फ वाढून उन्हाळ्यात नद्यांना पाणी राहते.