शीवेपलीकडील परवाना

विद्या तीच, परीक्षा तीच. पण शीव ओलांडली कीं योग्यता बदलते, हा अनुभव अमेरिकेंतील परिचारिकांस नवा नाहीं. 1903 सालीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानानें परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा केला. पुढें संस्थानागणिक मंडळें व नियम निराळे झाले. न्यूयॉर्कच्या रीजंट्स मंडळानें 1971 सालीं बहिःस्थ पदवीची योजना काढली. वर्गांत न बसतां घरीं अभ्यास करून व शेवटीं रुग्णालयांत प्रात्यक्षिक परीक्षा देऊन अनेक अनुभवी सेवकांनीं तिच्यांतून परिचर्येची पदवी मिळविली. हीच संस्था 2001 सालीं एक्सेल्सिअर झाली. परंतु 6 डिसेंबर 2003 पासून तिच्यांत प्रवेश घेणाऱ्यांस कॅलिफोर्नियानें दार लाविलें. शिक्षणाबरोबरच देखरेखीखालीं रुग्णसेवा घडली नाहीं, हा आक्षेप.

तो आम्ही पोकळ मानीत नाहीं. रोग्याची नाडी पुस्तकांतून कळत नाहीं. पण परसंस्थानांत वर्षानुवर्षें केलेली शुश्रूषा जमेस न धरल्यास न्याय अपुरा राहतो. 2000 सालीं अंमलांत आलेल्या परस्परमान्यतेच्या करारांत कॅलिफोर्निया अद्याप नाहीं. मंडळानें शाळा पाहावी, हें योग्यच; समोर उभ्या असलेल्या परिचारिकेचे हातही पाहावे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.